ट्रेनिंग ठेवण्याआधी टेबलापाशी उभं राहा

‘सॅम्पल फार रिजेक्ट होताहेत, सगळ्यांचं एक ट्रेनिंग लावून टाका.’ माझ्याकडे येणारी बहुतेक कामं अशाच एखाद्या वाक्यातून येतात. त्यात तक्रार अर्धवट असते, उपाय मात्र पूर्ण ठरलेला असतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या टेक्निशियनना शिकवते. त्याआधी तेच काम स्वतः करायचे. म्हणून पुढची उदाहरणं सुई आणि ट्यूबांची आहेत. तुमच्याकडे बिलं असतील, यंत्रं असतील, फोनवर भांडणारे ग्राहक असतील. पद्धत हीच चालते. मी सुरुवात बिघडलेल्या कामापासून करते आणि तिथून उलट्या दिशेने वर्गापर्यंत येते. पुष्कळदा वर्गापर्यंत पोचायची गरजच पडत नाही.

आधी नोंदवही

‘फार रिजेक्ट’ म्हणजे नक्की काय, ते नोंदवहीत असतं. परत पाठवलेल्या प्रत्येक नमुन्यापुढे तारीख, केंद्र आणि कारण लिहिलेलं असतं. कारणं वेगवेगळी मांडली की ‘सॅम्पलचा प्रॉब्लेम’ नावाची एकच एक गोष्ट उरत नाही. तांबड्या पेशी फुटलेला, म्हणजे हिमोलाइज झालेला नमुना हा एक प्रकार. निळ्या टोपणाची सायट्रेट ट्यूब (सायट्रेट रक्त गोठू देत नाही) कमी भरली, हा दुसरा. तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ढळलं की रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे आकडे चुकतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, तेही रक्त गोठू न देणारं; तिच्यात गुठळी, हा तिसरा. चौथा प्रकार लेबल चुकल्याचा आणि तो सगळ्यात घातक, कारण पहिले तीन लॅबमध्ये बहुधा पकडले जातात. दुसऱ्याचं नाव लागलेलं रक्त मात्र दिसायला अगदी निर्दोष असतं.

या चार गोष्टींची मुळं चार ठिकाणी आहेत. एकाच वर्गात चारही कोंबल्या की ‘गुणवत्तेचं महत्त्व’ असलं भाषण तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी ट्यूब जशा भरल्या जात होत्या तशाच भरल्या जातात. म्हणून कारणाबरोबर शिफ्ट, खोली आणि वेळही लिहून काढा. एकच कारण एकाच केंद्रावर सकाळच्या गर्दीत दिसत असेल, तर तुमचा निम्मा शोध तिथेच संपला.

त्यानंतर तिथे जाऊन उभं राहायचं. हातात वही आणि तोंड बंद. सुरुवातीला लोक तुम्हाला दाखवायला नियमाप्रमाणे वागतात. गर्दी वाढली की तुम्ही तिथे आहात हे विसरतात. खरं बघणं तिथून पुढचं.

एका केंद्रावर लेबलांचा गोंधळ होता. लेबलं छापणारा प्रिंटर नोंदणीच्या काउंटरवर आणि रक्त काढायची खुर्ची आतल्या खोलीत. येरझारा वाचवायला मुली पाच-सहा रुग्णांची लेबलं एकदम घेऊन यायच्या, ट्रेमध्ये ठेवायच्या आणि ट्यूब भरल्यावर एकेक चिकटवायच्या. लेबल रुग्णासमोर, रक्त काढल्याबरोबर लावायचं, हे त्यांतल्या प्रत्येकीला पाठ होतं. मी त्यांना आणखी काय शिकवणार? प्रिंटर खुर्चीशेजारी हलवून घेतला. लेबलांवरचा वर्ग झालाच नाही.

कामातल्या अडचणी कशा तपासाव्यात यावर लिहिणाऱ्या रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये यासाठी एक रोखठोक प्रश्न सुचवला होता: जिवावर बेतलं, तर हा माणूस हे काम करून दाखवेल का? दाखवणार असेल, तर त्याला ते येतं आणि अडचण दुसरीकडे आहे. कुठे, ते शोधायला थॉमस गिल्बर्ट यांची १९७८ ची मांडणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्यांनी सहा कप्पे केले. तीन परिस्थितीचे: काय अपेक्षित आहे आणि आपण कसं करतोय हे कळतं का, साधनं हाताशी आहेत का, नीट काम केल्याने काही मिळतं का. तीन माणसाचे: ज्ञान, कुवत, इच्छा. परिस्थितीचे कप्पे आधी तपासावेत असं त्यांचं म्हणणं, कारण तिथली दुरुस्ती स्वस्त पडते आणि फरक मोठा दिसतो. ट्रेनिंगवाल्यांना मात्र ज्ञानाचा कप्पा आधी दिसतो. आमची पोटं त्यावर चालतात ना!

परिस्थितीतला तिसरा कप्पा, नीट काम केल्याने काय मिळतं हा, सगळ्यात दुर्लक्षित. कित्येक केंद्रांवर तासाला किती रुग्ण झाले ते फळ्यावर लिहितात, पण रिजेक्ट झालेला नमुना कोणी काढला होता हे काढणाऱ्याला कधी कळतच नाही. अशा ठिकाणी माणूस वेग शिकतो. वर्गात तुम्ही सावकाशपणा शिकवा, फळा त्याला रोज उलटं शिकवत राहील.

हे वरिष्ठांना सांगणं नाजूक असतं. ‘ट्रेनिंगची गरज नाही’ म्हटलं की काम टाळल्यासारखं दिसतं. मी असं म्हणते: ट्रेनिंग करूच, त्याआधी या दोन गोष्टी बदलून काही आठवडे आकडा बघू. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

शिकवण्याजोगं काय उरलं?

परिस्थिती सुधारल्यावरही जे उरतं, ते शिकवायचं. आमच्याकडे नव्या लोकांच्या हातून होणारं हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, उरलं. त्याची कारणं अगदी हातातली आहेत: टॉर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, एका मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं, बारीक सुईतून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करण्याऐवजी खळाखळा हलवणं.

आता उद्दिष्ट लिहायचं. मेगर यांनीच १९६२ मध्ये सांगितलेली तीन अंगं अजून पुरतात: माणूस काय करताना दिसेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती नीट. ‘नमुना संकलनातील चुकांबाबत जाणीव निर्माण करणे’ यातलं काहीही कोणाला दिसणार नाही. त्याऐवजी मी लिहिते: ‘रांग लागलेली असताना, चार ट्यूबांची चिठ्ठी हातात आल्यावर, टेक्निशियन ट्यूब योग्य क्रमाने भरेल, टॉर्निकेट एका मिनिटाच्या आत सोडेल, ट्यूब खळाखळा न हलवता ठरलेल्या वेळा हलकेच उलटसुलट करेल आणि रुग्ण खुर्चीतून उठण्याआधी लेबल लावेल.’ वाचायला रटाळ आहे. पण हे वाक्य लिहिलं की परीक्षा कशी घ्यायची, सराव कशाचा हवा आणि कुठल्या स्लाइड फेकायच्या, तिन्ही आपोआप ठरतं. शिरांची रचना, रक्ताचे घटक, लॅबचा इतिहास, संस्थापकांचा संदेश यांतलं काय ठेवायचं ते या वाक्याला विचारा.

‘का’ मात्र ठेवा. ट्यूबांचा क्रम साधारण असा असतो: आधी निळी सायट्रेट, मग सीरमची, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची चाचणी) असेल तर ते सगळ्यांच्या आधी. नुसतं पाठ केलं तर घाईत उलटं होतंच. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो, त्याचा अंश पुढच्या सीरम ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घसरतं, हे एकदा समजलं की जांभळी ट्यूब आधी उचलणारा हात आपणच थबकतो. त्या खोट्या पोटॅशियमवर कोणीतरी रुग्णाला औषध देणार आहे, हेही सांगावं. या एका ‘का’ला पाच मिनिटं द्या, ती वसूल होतात.

प्रत्येक गोष्ट डोक्यात भरायची नाही. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं, कारण विमान वळवणाऱ्या हलत्या भागांना जमिनीवर असताना लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे वैमानिक अत्यंत अनुभवी होते. त्यांना आणखी शिकवून काय साधलं असतं? त्यातून पुढे आली ती वैमानिकांची चेकलिस्ट. माझा ढोबळ नियम असा: क्वचित करावं लागणारं, लांबलचक किंवा वारंवार बदलणारं काम कागदावर, हात गुंतलेले असताना, क्षणात करायचं काम सरावातून अंगात. ट्यूबांचा क्रम आणि कुठली किती वेळा उलटायची (सायट्रेट ३–४ वेळा, ईडीटीए ८–१०) हे ट्रेच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर छापलं. शीर शोधणं पट्टीवर छापता येत नाही.

कागद चिकटवला म्हणजे झालं, असंही नाही. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत शस्त्रक्रियेची चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ती चेकलिस्ट जगभर गेली. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती वापरायला लागल्यावर १०१ रुग्णालयांची पाहणी झाली. २०१४ च्या त्या निष्कर्षात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. कागद तोच होता. तो कसा रुजवला, कोणी मनापासून वाचला आणि कोणी नुसत्या खुणा केल्या, यावर बरंच अवलंबून असावं असं मला वाटतं. आमच्या पट्टीचंही तेच: सुपरवायझर स्वतः तिच्याकडे बघून ट्यूब लावतो त्या केंद्रावर ती वापरात आहे, बाकी ठिकाणी तिच्यावर पेनाने फोन नंबर लिहिलेले सापडतात.

सराव हाच वर्ग

ज्या दिवशी मी बोलते जास्त आणि लोक करतात कमी, तो दिवस फुकट. वेळापत्रक आखताना आधी सरावाचे तुकडे मांडा. त्यांना पुरेल इतकंच बोलणं मधल्या फटींत घाला.

सरावाचा मजकूर मिळवायला चांगलं काम करणाऱ्यांकडे जा, पण त्यांना ‘तुम्ही हे कसं करता’ असं विचारू नका. निष्णात माणसाच्या हातात जे मुरलंय ते त्याच्या बोलण्यात येत नाही. तो म्हणेल, ‘काही नाही, शीर बघायची आणि टोचायचं.’ त्याचे हात बघा आणि मध्येच विचारा: आत्ता बोट का फिरवलं? हा हात सोडून तो का घेतला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांना शिकवायला शिकवणारा एक मोठा कार्यक्रम झाला, १९४० ते १९४५. त्यातली कामाची फोड करायची पद्धत मी अजून वापरते: एका रकान्यात टप्पा, दुसऱ्यात त्या टप्प्यातली खुबी, तिसऱ्यात तिचं कारण. शिकवण्याच्या पायऱ्या चार: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. तिसऱ्या पायरीवर त्याने करता करता खुबी आणि कारण स्वतःच्या तोंडाने सांगायचं. गप्प राहून बरोबर केलं, तर ते जमून गेलंय की कळलंय ते समजत नाही.

निर्णयांच्या सरावासाठी प्रसंग लिहा. प्रसंगाचा जीव त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो. असं बघा: ‘पहिली ट्यूब सायट्रेटची, बटरफ्लाय सुई. ट्यूब पाऊणच भरली आणि प्रवाह थांबला. बाहेर रांग आहे. काय कराल?’ पर्याय एक: आहे तशी पाठवायची, लॅबवाले बघतील. पर्याय दोन: आता जांभळी भरते आहेच, त्यातलं थोडं रक्त निळीत ओतून रेघेपर्यंत आणायचं. पर्याय तीन: ही टाकून दुसरी सायट्रेट लावायची. दुसरा पर्याय मी कल्पनेने लिहिलेला नाही. माणसं खरंच तसं करतात, आणि चांगल्या हेतूने करतात, रुग्णाला पुन्हा टोचायला नको म्हणून. उत्तर तिसरं. बटरफ्लायच्या नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते म्हणून ती कमी भरते. दुसरी नीट भरते. म्हणूनच अशा वेळी आधी एक टाकाऊ ट्यूब लावतात. ज्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय वाचून वर्गात कोणी ओशाळं हसत नाही, तो प्रश्न मी बदलते.

ओळख पटवण्याचा सराव तर जोड्या करून, बोलूनच घ्यावा लागतो. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारलं की घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस हो म्हणून मोकळा होतो. ‘पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ हे बोलायची जिभेला सवय लागते ती बोलूनच. जोडीतल्या रुग्णाला मी गुपचूप सांगून ठेवते की काहीही विचारलं तरी मान डोलव. बरीच मंडळी फसतात आणि नंतर ते विसरत नाहीत.

नवख्यांना आणि जुन्यांना एकच सराव देऊ नका. अगदी नव्या माणसाला थेट प्रश्नात टाकलं तर तो गोंधळतो. त्याला आधी सोडवलेली उदाहरणं दाखवा, मग अर्धी सोडवलेली, मग कोरी. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांच्या संशोधनाचा हाच सूर आहे. जुन्या माणसाला मात्र सोडवलेली उदाहरणं दाखवली की तो जांभया देतो. त्याला अवघड आणि सरमिसळ प्रसंग द्या.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. अख्खा दिवस हॉल घेण्याची पद्धत हॉलवाल्यांच्या सोयीची आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरणं किती झपाट्याने होतं ते दाखवलं, आणि पसरून केलेली उजळणी टिकते हेही. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग मला जास्त आवडतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहून काढायच्या चाचण्या दिल्या. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर चाचण्या देणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवत होतं आणि नुसतं वाचणाऱ्यांना ४०. वर्गाच्या शेवटी सगळे तरतरीत उत्तरं देतात तेव्हा हे पाच मिनिटांचं यश असतं, हे लक्षात ठेवा. म्हणून मी एका दिवसाचे दोन-तीन तुकडे करते, मध्ये काही दिवस जाऊ देते आणि दर वेळी सुरुवात मागच्या प्रश्नांनी करते, वह्या मिटवून. लोक कुरकुरतात. आठवताना त्रास होतो, आणि आठवणं टिकतं ते त्या त्रासामुळेच.

शिकण्याच्या शैलींच्या प्रश्नावल्या, कोण डोळ्याने शिकतं आणि कोण कानाने, यांवर वेळ घालवू नका. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा त्या आधारे शिकवणं वेगळं करावं इतका पुरावा मिळाला नाही. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९०’ हा तक्ताही सोडून द्या. एडगर डेल यांच्या १९४६ च्या ज्या शंकूवर ते आकडे चिकटवतात, त्यात टक्केवारी नव्हतीच.

वर्ग संपल्यावर

माणूस वर्गातून परत जातो तो सुपरवायझरच्या हाताखाली. पहिल्याच गर्दीत सुपरवायझर म्हणाला, ‘ते वर्गातलं राहू दे, आधी रांग संपव,’ की तुमचा वर्ग तिथे संपला. शिकलेलं कामात उतरतं का, यावर बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात माणूस आणि ट्रेनिंगचा आराखडा यांच्या जोडीला कामाचं वातावरण बरोबरीने आहे: वरिष्ठांचा पाठिंबा आणि शिकलेलं वापरायची संधी. म्हणून सुपरवायझरांना मी वर्गाच्या आधी भेटते. त्यांच्याकडून मला दोनच गोष्टी हव्या असतात. पाठवण्याआधी त्या माणसाला सांगायचं की तू काय शिकून येणं मला हवंय. आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा शेजारी उभं राहून त्याला ते करताना बघायचं. बघायला एक पानी यादी देते, उद्दिष्टातल्याच चार ओळींची. जो सुपरवायझर एवढंही कबूल करत नाही, त्याच्या केंद्राची तारीख मी पुढे ढकलते. याबद्दल मला बोलणी बसली आहेत.

संधीचंही बघा. नव्या सॉफ्टवेअरचं शिकवलं आणि लॉगिन महिनाभराने मिळालं, असं सर्रास होतं. वर्गाची तारीख पहिल्या खऱ्या वापराला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवा.

मोजमापासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ च्या चार पायऱ्या सगळ्यांना ठाऊक असतात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. बहुतेक ठिकाणी पहिलीवरच मुक्काम असतो, कारण फीडबॅक फॉर्म भरून घेणं सोपं आहे. मला तिसरी आणि चौथी हवी असते: सुपरवायझरची एक पानी यादी आणि पुन्हा तीच नोंदवही.

आकडा वाचताना दोन ठिकाणी सांभाळा. ट्रेनिंगची मागणी बहुधा सगळ्यात वाईट महिन्यानंतर येते. पुढचा महिना काहीही न करता थोडा बरा जाणारच होता. याचं श्रेय घेण्याचा मोह टाळायचा तर सगळ्या केंद्रांना एकदम शिकवू नका. आधी काहींना शिकवा, बाकीच्यांना नंतर, आणि मधल्या काळात दोन्हींचे आकडे शेजारी ठेवा. दुसरं म्हणजे, नीट शिकवल्यावर काही चुकांचा आकडा वाढतो. आधी गुपचूप पुसली जाणारी लेबलाची गडबड लोक आता आपणहून नोंदवू लागतात. तो आलेख घेऊन वरिष्ठांकडे जाण्याआधी त्यांना ही शक्यता वर्गाच्या अगोदरच सांगून ठेवा. नंतर सांगितली तर सबब वाटते.

रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची एक युक्तीही स्वस्तात होते: सरासरी काढत बसण्यापेक्षा ज्यांना सगळ्यात जास्त उपयोग झाला आणि ज्यांना अजिबात झाला नाही, अशा थोड्या लोकांशी सविस्तर बोला. मला पट्टीवरच्या फोन नंबरांबद्दल अशाच एका बोलण्यातून कळलं. पट्टी ट्रेच्या ज्या कडेला लावली होती, ती कड वापरताना भिंतीकडे असायची.

वार्षिक सक्तीच्या उजळणीतून सुटका नसते, हजेरी लागतेच. तिची सुरुवात चाचणीने करा: खरी चिठ्ठी, खऱ्या ट्यूब, नकली हात आणि सुपरवायझरची तीच यादी. ज्यांना जमलं त्यांना सही देऊन कामावर परत पाठवा. उरलेल्यांबरोबर, जिथे अडलं तेवढ्याच टप्प्यावर, थांबा.